राजी, खुशी

दारव्ह्याच्या तहसीलसमोर टिनाच्या शेडात
तिसरं टेबल माझं.
बाबांच्या टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला,
बाकी कडुनिंब तोच, वाक्यही तेच :
'हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.'
हे वाक्य मी टाइप करत नाही.
ते आधीच तिथं बसलेलं असतं.
मी नाव बदलते, गट नंबर बदलते,
पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला कोणता नाला, तेवढं.

एरवी गावात हा शब्द सुटा भेटतो.
मामी म्हणते, पोरगी राजी आहे;
पोरगी आत चहाचे कप मोजत असते.
मास्तर म्हणतात, पोरगं शिकायला राजी नाही;
ते पोरगं पंक्चरच्या दुकानात, कोणी न सांगता,
दिवसभर फ्रीव्हीलचे छर्रे रॉकेलात धुतं.
आणि मयताला खांदा द्यायचा असतो तेव्हा
हा शब्द कोणी काढतच नाही.
चपला काढतात, आणि उठतात.

मे महिन्यात अंजिराबाई इंगोले आल्या.
वय त्रेसष्ट, माहेरच्या दुधे.
हक्कसोडपत्र. बापाचं चार एकर, तीन भाऊ.
भाऊ बाहेर उभे, कागदात गरम कचोऱ्या घेऊन,
एकानं मोठ्या बहिणीसाठी वेगळी बांधून घेतलेली, बिनमिरचीची.
पिशवीत नवं लुगडं.
वाईट नाहीत भाऊ. ते तर मलाही दिसत होतं.

मी वाचून दाखवलं.
'राजीखुशीने' वर त्यांनी बोट उचललं.
"राजी हावो मी. पन खुशी काऊन लिवली?
खुशी खोडा."
मी म्हटलं, आजी, तो एकच शब्द आहे.
"दोन हायेत.
मले वाचता येत नाही, आयकू येते."

दबाव आहे का कोणाचा?
"नाही वं. कोन दाबते मले?
घरी आले, जेवले, पायाले हात लावला.
याले दबाव नाही म्हनत.
याले भाऊ म्हनतात."

मग कूलरकडे तोंड करून, जणू मला नाहीच,
सांगू लागल्या :
"आमच्या म्हशीचं पारडू मेलं त्या साली.
सासऱ्यानं कातड्यात कुटार भरलं,
चार काड्यांवर उभं केलं तिच्यापुढं.
तिनं हुंगलं. चाटलं.
पाह्यलं माह्याकडं एकडाव.
अन् सोडला पान्हा.
तिले का समजलं नसन?
राजी झाली. बस.
खुशी कोन इचारते तिले."

खोडता येत नाही, मी म्हटलं.
खाडाखोड चालत नाही साहेबांना.
"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या,
जसं कोणी भाजीतल्या मिठाबद्दल म्हणावं.

आत साहेबांनी वर न बघता विचारलं,
राजीखुशीनं देता ना?
"राजीनं," अंजिराबाई म्हणाल्या.
साहेबांना पूर्ण शब्द ऐकू आला.
अंगठा झाला, फोटो झाला.
बाहेर येऊन त्यांनी शाई कडुनिंबाला पुसली,
नव्या लुगड्याला लागू दिली नाही.
कचोरी मात्र खाल्ली. अर्धी मला दिली.

माझं हक्कसोडपत्र मीच टाइप केलं होतं,
आठ वर्षं झाली.
एकही चूक नव्हती त्यात.
भाऊ म्हणाला, ताई, तुझा हात किती साफ आहे.

दुसऱ्या दिवशी शेड उघडलं,
कॉम्प्युटरवरची धूळ पुसली,
ती जुनी फाइल काढली,
आणि 'राजी' आणि 'खुशी' यांच्या मध्ये
एक जागा सोडली.
कीबोर्डावरचं सगळ्यात लांब बटण,
पण कागदावर तांदळाच्या दाण्याएवढीही नाही.

दुपारपर्यंत चार दस्त झाले.
कोणी काही विचारलं नाही.